परत येण्याचं रीळ

५ डिसेंबर १९७२, मंगळवार

नाही. त्यांच्यात एलिया नाही.

वाघा सरहद्दीवरून पाकिस्तानातले आपले युद्धकैदी परत आले, हे शुक्रवारीच रेडिओवर ऐकलं होतं. तेव्हापासून घास उतरत नव्हता. आज नगरच्या सैनिकांच्या कचेरीतून माणूस आला. चपला काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला — तेव्हाच समजलं. वर्षभर 'बेपत्ता' होते, ते आता 'मृत धरावे' म्हणे. धरावे! माझा नवरा म्हणजे वजाबाकीतला हातचा आहे का, धरायला?

(चारचौघांत मी त्यांना 'हे' म्हणते. इथं एलिया. इथं कोण ऐकतंय!)

सासूबाईंनी त्या माणसाला तांब्याभर पाणी दिलं. "लांबून आलास बाबा, आदी पानी पी." मग पीठ मळायला बसल्या. डोळ्यांत टिपूस नाही. त्यांचा असा राग आला मला!

८ डिसेंबर, शुक्रवार

निम्मा वर्ग रिकामा. पोरं आईबापांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलीत. उरलेल्यांना बाराचा पाढा शिकवला. मलाच मधला एक विसरायला झाला.

संध्याकाळी पाळक कृपादान आले. आमच्या चर्चमध्ये वर्षाच्या शेवटच्या रविवारी, त्या वर्षात प्रभूमध्ये झोपी गेलेल्यांची नावं वाचतात. नाव आलं की त्या घरचे उभे राहतात. घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुणाचं नाव वाचत नाहीत. पाळकांनी चहा घेतला. मग हळूच — "एलियाचं नाव या वेळी घ्यायचं का, मरियाबाई? की दूर असलेल्यांच्या प्रार्थनेतच राहू द्यायचं?"

मी म्हटलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही!

पाळकांनी आईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे, बघितलं. आई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "मरिया म्हनंल तसं."

९ डिसेंबर, शनिवार

आईंनी आज मला ओढून तंबूत नेलं. आप्पासाहेबांचा सिनेमाचा तंबू प्रवरेच्या काठी लागलाय, आणि दर शनिवारी तोच एक इंग्रजी खेळ. पाटीवर नाव लिहिलंय 'ग्रहावरून परत'. सलग तिसरं वर्ष! अख्खं बेलापूर वेडं झालंय. आई एरवी तमाशाच्या वाटेनंसुद्धा जायच्या नाहीत, पण या वर्षी एक शनिवार चुकवला नाही. का, ते मला ठाऊक होतं. त्यात हरवलेला माणूस घरी येतो.

काय तो खेळ! एक गोरा पत्र्याच्या डब्यात बसून दुसऱ्या ग्रहावर जातो. अंगात चकचकीत कागदाचे कपडे, डोक्यावर काचेची बरणी. यान ज्या दोरीला टांगलंय ती दोरी दिसते! इंग्रजी कुणाला कळतंय, म्हणून तंबूतला श्रीमंत नावाचा गडी पडद्याशेजारी माईक घेऊन गोष्ट सांगतो. त्याचा आवाज आणि इंजिनाची धडधड, यांत नटांचं बोलणं एक अक्षर ऐकू येत नाही. सुरुवातीलाच तो गोरा अंधारात दिसेनासा होतो. श्रीमंत म्हणतो, "मंडळी, भिऊ नका, हे त्याला पडल्यालं सपान हाय!" लगेच पाटी आली, समाप्त, इंग्रजीत. श्रीमंत — "पाच मिन्टं इस्रांती!" मला फिसकन हसू आलं.

मग ग्रह, राक्षस, आगीचे लोट. आणि शेवटी एक घर. दार. कोट घातलेला तो. बायको धावत येऊन त्याच्या गळ्यात पडते. तो पाळण्यातल्या लेकराचा मुका घेतो. श्रीमंतचा आवाज भरून आला — "आला! धनी घरी आला!" सगळा तंबू टाळ्या वाजवतोय, बायका डोळे पुसतायत.

मी रडले. मी! बरणी घातलेल्या माणसासाठी!

१० डिसेंबर, रविवार

काल रात्री आईंनी दुसरी भाकरी वाढली. नको म्हटलं नाही.

१३ डिसेंबर, बुधवार

शाळेत आसाराम गुरुजींशी वाजलं. ते म्हणाले, "असल्या पोरखेळाला लोक थोर म्हणतात म्हणजे कमाल आहे. यानात स्टोव्हचा पंप लावलाय, मी ओळखला." मी ताडकन म्हटलं, पंप कशाला बघता गुरुजी, माणूस बघा! लाखो मैलांवरून परत येतो, कुणी आशा धरली नसताना! हे दाखवायला छाती लागते. देवादिकांच्या खेळात येतं का असं रडू?

गुरुजींनी माघार घेतली. त्यांना एलियाचं ठाऊक आहे. "तसं म्हटलं तर आहे चांगला," म्हणाले आणि खडू शोधायला लागले. दया दाखवली. मला नको असते.

१६ डिसेंबर, शनिवार

पुन्हा गेले. आईंना म्हटलं, तुम्हाला सोबत म्हणून. शेवटच्या रिळाला त्यांचा हात धरला.

एलिया रजेवर यायचा तेव्हा गल्लीच्या तोंडापासून ओरडायचा — पाणी! बूट काढायच्या आधी तांब्या रिकामा. आज त्या पडद्यावरच्या दारात मला तोच दिसत होता. येईल. कुठल्या तरी दवाखान्यात असेल, नाव विसरला असेल. असं होतं. पेपरात येतं की!

१७ डिसेंबर, रविवार

देवा, गेले नसते तर बरं झालं असतं.

वाचनालयात नगरच्या एका प्राध्यापकांचं व्याख्यान. विषय, विज्ञानपट. आमच्याच खेळावर बोलणार म्हणून गर्दी. आई घरी होत्या, नशीब. प्राध्यापक म्हणाले, हा चित्रपट आला तेव्हा सपशेल पडला. मग परदेशात त्याचे भक्त निघाले, वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा बघणारे, कपडेसुद्धा तसे शिवणारे. पण भक्त जमले म्हणून चित्रपट अभिजात होत नाही. विज्ञान ढिसाळ, अभिनय लाकडी. "मात्र एका गोष्टीसाठी मी त्याला मानतो. त्याचा शेवट. तो माणूस परत येत नाही. अंधारात दिसेनासा होतो, संपलं. असं धाडस कुणी करत नाही."

मागून एकजण उठला. "सायेब, तुमी पुरता बघितला न्हाई. येतो की परत!"

"नाही हो. परत येत नाही."

"आवो धा डाव बघितलाय! बायकू गळ्यात पडती!"

प्राध्यापक गोंधळले. "ते सुरुवातीला. तो निघतो तेव्हाचा निरोप आहे तो."

सगळे हसले. प्राध्यापकांनाच वेड्यात काढलं. मी हसले नाही. मला ती 'समाप्त'ची पाटी आठवली, विश्रांतीआधीची.

थोर म्हणे! बाईला दारात उभं करून कायमचं निघून जायचं आणि त्याला थोर म्हणायचं. ह्यांच्या घरचं कुणी गेलं नसेल.

१८ डिसेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर तंबूकडे गेले. श्रीमंत इंजिन पुसत होता. विचारलं. आधी उडवाउडवी, मग खाली बसला. पहिल्याच वर्षी मिरजगावला रिळांचे डबे ट्रकवरून पडले. झाकणं निखळली, घाईत अदलाबदल झाली. आकडे झाकणांवर. ऑपरेटर झाकण बघून रीळ चढवतो. दुसरं गेलं शेवटी, शेवटचं आलं दुसरं.

"तुला कळलं नाही?"

"पहिल्याच खेळाला कळलं, बाई. पन ते रीळ शेवटी आलं अन् लोकांनी टाळ्या पिटल्या. म्हातारी मानसं माझ्या पाया पडली. मंग कशाला बदलायचं?"

मी त्याला म्हटलं, आमच्या आईंना कधी सांगू नकोस. पोराची आशा आहे त्यांना. ह्या एका रिळावर तग धरून आहेत.

"आईची शपत," म्हणाला.

२० डिसेंबर, बुधवार

रेडिओ — चंद्रावर गेलेले तिघं अमेरिकन काल समुद्रात उतरले. सुखरूप.

चंद्रावरून येता येतं.

२३ डिसेंबर, शनिवार

श्रीमंतला सांगून ठेवलं होतं, शेवटच्या रिळाला थोडा वेळ गप्प बस. मी पडद्याजवळ कर्ण्याखाली बसले. त्यानं घसा धरल्यासारखं केलं. लोकांना वाटलं, गहिवरला.

ऐकलं. मोडकंतोडकं इंग्रजी मला येतं, तेवढ्यात कळलं. बाई म्हणते, जाऊ नकोस. तो म्हणतो, गाडी खाली थांबलीय. बाई म्हणते, लेकराला उठवू का? तो म्हणतो, नको, झोपू दे.

शेवटच्या वेळी स्टँडवर एलियाही असंच काहीसं म्हणाला होता. आईला सांग, म्हणाला. रजा मधेच रद्द झाली, तार आली आणि तो निघाला. आई तेव्हा मिरजगावला बहिणीकडे. त्या येईपर्यंत तो गेलासुद्धा.

मागे वळून बघितलं. आई टक लावून पडद्याकडे बघत होत्या, ओठ हलत होते. प्रार्थना करत असाव्यात. ह्यांच्या तोंडचं एवढं तरी कुणी काढू नका रे!

२५ डिसेंबर, सोमवार

नाताळ. दारावर तारा लावला नाही. आईंनी थोड्या करंज्या केल्या. एकही खाल्ली नाही मी. पाळकांनी पुन्हा नावाचं विचारलं. मी मान हलवली, नाही.

२७ डिसेंबर, बुधवार

तंबूवर नवी पाटी! 'शनिवारी — पहिल्यांदाच खरा शेवट!!'

धावत गेले. आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "बाई, नगरभर बोभाटा झाला की आप्पासाहेब उलटी रिळं लावतो. प्राध्यापकसायेब सोता येनार हायेत. तंबूच्या इज्जतीचा सवाल हाय."

मी हात जोडले. आजवर कुणापुढे जोडले नव्हते. म्हटलं, तीन वर्षं लोकांनी जो खेळ डोक्यावर घेतला तो तुमचा आहे, त्या गोऱ्यांचा नाही. जगात दुसरीकडे कुठंच नाही तो! आमची म्हातारी मरेल हो.

"मंग त्यांना नगा आनू," म्हणाले.

घरी येऊन आईंना सांगितलं, शनिवारी माझं डोकं दुखणार आहे, जायचं नाही. आधीच कसं ठरलं, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

३० डिसेंबर, शनिवार

आई लुगडं नेसून तयार. "तुजं डोकं दुकत आसंल तर ऱ्हा. मी जाती." एकट्या कशा जाऊ देणार?

तंबू फुटायला आला होता. प्राध्यापक खुर्चीवर, पुढे. आज दुसऱ्या क्रमांकालाच घराचं रीळ. दार, कोट, बाई, पाळणा. श्रीमंत पडेल आवाजात म्हणाला, "धनी निघाला." मग ग्रह, राक्षस. कुणी शिट्टी मारली नाही. शेवटी अंधार. तो माणूस लहान लहान होत गेला. श्रीमंतला सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "अन् मंग... दिसंना झाला." पाटी. समाप्त.

मग एकजण ओरडला, "आना रं त्याला माघारी! ते रीळ लावा!" मग सगळेच. ढेकळं उडाली पडद्यावर. प्राध्यापकांना मागच्या कनातीतून बाहेर काढलं.

ते बरोबरच होते, हे लिहायला हवं. दोरी दिसत होती, बरणी तीच होती, तरी त्या अंधारानं छातीवर दगड ठेवला. थोर आहे हा चित्रपट. असू दे. मला नको होता तसला.

मी पडद्याकडे कमी आणि आईंकडे जास्त बघत होते. त्या हलल्या नाहीत. घरी आल्यावर मी खोटं बोलले — आई, ह्यांनी रिळं चुकवली, आपलंच खरं होतं. त्या म्हणाल्या, "नीज आता." भिंतीकडे तोंड करून पडल्यात. आता ह्या उद्या उठतील का, हीच भीती. सगळं माझ्यासमोर झालं आणि मला थांबवता आलं नाही.

३१ डिसेंबर, रविवार

चर्चला निघताना आई अंगणात थांबल्या. म्हणाल्या, "मला पैल्यापास्नं म्हाईत हुतं, ह्यो पडद्यावरला आला न्हाई, निघालाय. घरी आल्यालं मानूस आदी पानी मागतंय. त्यानं कंदी मागितलं न्हाई."

मग दर शनिवारी कशाला जायच्या, आई?

"माज्या लेकाला जाताना तू बघितलंस. मी न्हाई. म्हून जायची."

मला का नाही सांगितलं?

"तू त्या राती दोन भाकरी खाल्ल्यास, पोरी. कसं सांगू?"

पाळकांना नाव मीच दिलं. त्यांनी वाचलं — एलिया. आई बसून राहिल्या, माझ्याकडे बघत. मी उठले, तेव्हा त्या उठल्या.

घरी आलो. दारातूनच मी पाणी मागितलं.