ताईच्या नावाचं मडकं

शनिवार, ३ नोव्हेंबर १९७९

गुरुवारी लिहिलं ते खोटं आहे. आमच्या खाण्याच्या गाडीवर रोज येणाऱ्या मॉक आजोबांना मी लहान मडक्यातलं 'चुकून' वाढलं नाही. मोठ्या मडक्यातले पाये संपले होते, आई बाजारात गेली होती, आजोबा स्टुलावर वाट बघत होते. पळी आत घातली तेव्हाच वासावरून कळलं — हे मुरलेलं आलं, ताईसाठी घातलेलं. तरी वाढलं. आईने मला पहिली अक्षरं मडक्यांवरच्या लाल चिठ्ठ्यांवरूनच शिकवली. ताईच्या नावाची चिठ्ठी आईनेच नंतर काढून टाकली, म्हणून मला ओळखू आलं नाही, असं मी म्हणूच शकत नाही.

आजोबा एक घोट घेऊन थांबले. "हे गाडीवरचं नाही. घरचं आहे. कोण बाळंत झालं गं?"

मी मान खाली घातली. ताईचे दिवस भरत आले असणार हे त्यांना ठाऊक होतं; त्यांनी ती होकारार्थी घेतली.

रविवार, ४

दिवसभर वाफ. आलं, काळं गोड व्हिनेगर, डुकराचे पाये — बाळंतिणीला हेच खाऊ घालतात. वाफेतून बघितलं की हाँगकाँगमधला हा शाम शुई पोचा रस्ता पाण्याखाली गेल्यासारखा वाटतो, माणसं सावकाश तरंगत जातात.

ताईला सातवा लागला तेव्हा आईने हे लहान मडकं घातलं. आठव्यात बाळ गेलं, पोटातच. त्याला दीड महिना झाला. आई अजून दर तीन दिवसांनी मडक्याला उकळी देते, पुन्हा झाकते. विकत नाही, फेकत नाही.

"उकळलं नाही तर बुरशी धरेल," म्हणते. एवढंच.

मंगळवार, ६

मॉक आजोबांना ताई भाजीच्या रांगेत भेटली. सगळ्यांसमोर — "पोरी, तुझं व्हिनेगर खाल्लं मी! मुलगा की मुलगी?"

भाजीवाल्या लाय मावशींनी येऊन सांगितलं. ताई काय म्हणाली, ते त्यांना ऐकू आलं नाही.



बुधवार, ७

ताई गाडीवर आली. दीड महिन्यात पहिल्यांदा.

आई लगबगीने म्हणाली, "त्या म्हाताऱ्याचं मनावर घेऊ नकोस. त्याच्या तोंडात जीभ नाही, घंटा आहे."

"मी सांगितलं त्यांना. मुलगी."

आईच्या हातातलं आलं तसंच राहिलं.

"मला दूध आलं, आई. पाच दिवस. बाळंत मीच झाले ना? मग माझी वाटी कुठंय?"

"अगं, ह्याचा वास जिन्यात गेला की शेजारीपाजारी बाळ बघायला येतात. काय दाखवशील त्यांना?"

ताई मडक्याजवळ बसली, डोळे मिटून, वाफ चेहऱ्यावर घेत. किती वेळ ते माहीत नाही. गिऱ्हाईकं आली, खाऊन गेली. मग ताई उठून गेली.

शुक्रवार, ९

आईला सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "माझ्या मडक्यात किती आहे ते मला कळत नाही होय?"

मग तिने आलं सोलायला घेतलं. "सोमवारी ओतून टाकते. डोळ्यांसमोर नको."

दुपारी स्टुलावरच डोळा लागला. वाफेतून कुणीतरी लहान पावलांनी चालत होतं. जागी झाले तरी फरशी ओली होती — ती तर रोजच ओली असते.

शनिवार, १०

उद्या. रविवार, ११ नोव्हेंबर, सकाळी दहा — सगळे शेजारी घरी असतात तेव्हा. मडकं ताईकडे नेणार. झाकण न लावता. जिन्यात कुणी विचारलंच तर सांगणार, मुलगी झाली.