गज नळीतच राहिला

अल नस्र, दोहा
१५ ऑक्टोबर २०२२

ती. नफिसाआपास,
रहमानचा सलाम.

मी इथे खुशाल आहे. तू आणि साजिदाही खुशाल असाल. माझा फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंयस, म्हणून शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच कागदावर मराठी लिहितोय. अक्षर लागलं नाही तर साजिदाकडून वाचून घे. माझ्या खोलीतला इकबाल उद्या चिपळूणला निघतोय, त्याच्या हाती पत्र देतो. सोबत बदाम, ब्लँकेट आणि साजिदासाठी अत्तर आहे. ब्लँकेट तुझं. अत्तराला हात लावू नकोस, रागावलेल्या माणसाला अत्तर शोभत नाही.

इथला उकाडा आता जरा उतरलाय. वर्ल्ड कप तोंडावर आला, त्यामुळे जिकडे पाहावं तिकडे झेंडे, आणि काल जिथे रस्ता होता तिथे आज खड्डा. अल रय्यानच्या आमच्या गॅरेजात प्रेक्षकांसाठी नव्या बसेस आल्यात आणि मी स्टोअरमध्ये टायरांच्या राशीत बसलेला असतो. अरबाबने, म्हणजे आमच्या मालकाने, वर्ल्ड कप संपेपर्यंत सगळ्यांच्या रजा बंद केल्या, ते तुला ठाऊकच आहे. त्यावरूनच तू बोलणं टाकलंस. साजिदाचा बाप गेल्यावर निकाहात वकील म्हणून मामाच तिची कबुली विचारणार, हे तिने स्वतः ठरवलेलं. आणि डिसेंबरात तिचा निकाह असताना मामा इथे टायर मोजत बसणार. तुझा राग मला मान्य आहे. पण मी हात बांधून बसलो नव्हतो आपा, एवढंच सांगायला हे पत्र.

आधी एक विचारतो. अब्बांच्या ठासणीच्या बंदुकीत काथ्या किती घालायचा? मूठभर की चिमूटभर? आता विचारून उपयोग नाही म्हणा.

झालं असं. गेल्या महिन्यात इथे शिकारीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ससाणे, तंबू, दुर्बिणी, नुसती जत्रा. सामान उचलायला अरबाबने मला सोबत नेलं. एका दुकानात आपल्यासारखीच तोंडाने भरायची बंदूक टांगलेली, एकनळी, नवीकोरी. अरबाबच्या आजोबांकडे तशी होती म्हणे, त्यामुळे तो तिथून हलेना. परवाना त्याच्याकडे आहे. फक्त ती भरायची कशी हे त्याच्या घराण्यात आता कोणाला येत नाही. तो बंदुकीकडे बघत उभा, मी साजिदाच्या निकाहाचा विचार करत उभा. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, अरबाब, आमच्या घरात हीच बंदूक होती, माझा सगळा जन्म तिच्यावर गेला.

तू हसू नकोस. अजून हसायची जागा आलेली नाही.

अरबाबने बंदूक घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून मी गॅरेजात उस्ताद झालो. अरबाब स्वतः स्टोअरमध्ये येऊन शिकारीच्या गोष्टी विचारायचा आणि मी सांगायचो. बागेतला तो रानडुक्कर सांगितला, पाणंदीतला ससा सांगितला, एका बारात पाडलेले दोन कवडे सांगितले. बार कोणी टाकला होता हे त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मनात एकच हिशेब. एकदा याच्या हातून शिकार झाली की खूश होईल, आणि खूश झाला की त्याच पावली रजा मागायची.

दुकानदाराने बारावर ठासायला नमद्याच्या चकत्या दिल्या होत्या. मी त्या बाजूला सारल्या. म्हटलं, आमच्याकडे असलं चालत नाही, आमच्याकडे काथ्या. आता दोह्यात काथ्या आणायचा कुठून? आमच्या खोलीच्या दाराशी इकबालने हौसेने आणलेलं काथ्याचं पायपुसणं होतं. होतं म्हणजे आता अर्धंच आहे. इकबालला वाटतं मांजराने कुरतडलं. पत्र त्याच्याच हाती देतोय, म्हणून पाकीट डिंकाने नीट चिकटवलंय.

काल जुमा झाल्यावर आम्ही मदिनत अश शमालकडच्या त्याच्या मळ्यावर गेलो. खजुरांवर कवडेच कवडे. बैठकीसमोर मांडव घातलेला, आणि मांडवावर वर्ल्ड कपची शोभा म्हणून हवा भरलेला एक फुटबॉल, आपल्या पडवीएवढा. खाली गालिच्यावर अरबाबचे म्हातारे चाचा तक्क्याला टेकून बसलेले. मी बाजूला चटई घेतली आणि बार भरायला बसलो.

अब्बा काय म्हणायचे ते तुला पाठच असेल. "बार भरताना बोलाचा नाय. कोण मेला तरी बोलाचा नाय." मला लहानपणी वाटायचं, आपली बडबड त्यांना नकोशी होते म्हणून. त्यामागे अक्कल आहे हे काल कळलं.

नळीत दारू ओतली आणि अरबाबचा भाऊ आला. सलाम. आता सलामाला जवाब न देणं आपल्याकडून होतं का? उठलो, जवाब दिला, हात मिळवला, घरच्यांची खुशाली झाली. काथ्या ठासला आणि त्याचे मेव्हणे आले. पुन्हा उठलो. छर्रे टाकले, वरून पुन्हा काथ्या घातला, लोखंडी गजाने ठासायला लागलो तोच एक आख्खी गाडी भरून पाहुणे उतरले. प्रत्येकाला सलाम, प्रत्येकाला हात, मग कॉफी, मग खजूर. परत येऊन बसलो तेव्हा घोड्याखालची केप चढवायची राहिली होती एवढं आठवलं. ती चढवली. दुसरं काय राहिलं होतं ते नाही आठवलं.

अरबाबने पहिला बार मानाने मला दिला. म्हणाला, उस्ताद, यल्ला. मी नेम धरला, डोळे मिटले आणि घोडा ओढला.

गज नळीतच होता, आपा.

कवडे सगळे उडाले, एकालाही खरचटलं नाही. गज सुसाट गेला तो फुटबॉलात. आधी सूं असा आवाज झाला, मग तो एवढा मोठा फुटबॉल बसका होत होत मांडवावरून घसरला आणि सावकाश चाचांच्या अंगावर पसरला. आत चाचा काय बोलत होते ते कळत नव्हतं, पण दुवा नक्कीच नव्हती. सगळे धावले. मी तिथेच उभा. मनात आलं, खलास. रजा तर गेलीच, नोकरीही गेली, आणि आता आपाला तोंड कुठल्या तोंडाने दाखवू.

चाचांना बाहेर ओढलं. डोक्यावरचा रुमाल मानेत आलेला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुला ही बंदूक कोणी शिकवली? झाकली मूठ तोवर उघडीच पडली होती, म्हणून खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, कोणी नाही. बंदूक माझी बहीण चालवायची. ती बार टाकायची आणि मी फणसावर चढून कानात बोटं घालून बसायचो. मग आपोआपच पुढचंही बाहेर आलं. म्हटलं, त्याच बहिणीच्या मुलीचा निकाह आहे, मला रजा नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

मग चाचा म्हणाले, "भाचीचा निकाह टाकून तू इथे माझ्या डोक्यावर फुटबॉल पाडतोस?"

आणि जे हसायला लागले ते थांबेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी हसत होते. अरबाबचा चेहरा आधी लाल होता, चाचांकडे बघून तोही हसला. आपल्याकडे काय आणि यांच्याकडे काय, म्हातारा हसला की घरातल्या कोणाला रागावता येत नाही. चाचांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला: याला निकाहाला पाठव. अरबाबने एक अट घातली. तू स्वतः इथे येऊन त्याला बंदूक शिकवू शकत नाहीस, तर निदान मला तरी शिकवून परत पाठवायचं. मी म्हटलं, इन्शाल्ला, पण ती माझ्याशी बोलत नाही. तो म्हणाला, तो तुझा प्रश्न.

तर रजा मिळाली, आपा. कागदावर सही झाली, आज सकाळी तिकीटही काढलं. माझ्या शिकारीवर नाही मिळाली, तुझ्या शिकारीवर मिळाली. साजिदाला सांग, मामा येतोय, कबुली विचारताना त्याचा आवाज कापला तर हसायचं नाही.

अब्बांचं ते सांगणं आता मला जन्मभर पुरेल. पण तूही जरा ऐक. तू ईदपासून तोंड मिटून बसलीयस, म्हणजे बार चांगला ठासून भरला असशील. मी दारात उभा राहिलो की टाक तो माझ्यावर. मी कानात बोटं घालणार नाही. फक्त मग माझ्याशी बोल.

तुझा फणसावरचा भाऊ,
रहमान