पांढरी शेगडी

पीळमेडू, कोइंबतूर
पंगुनी महिना, रविवार दुपार

प्रिय कदिर,

'प्रिय' लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. आत्ता समोर असतास तर आधी पाठीत एक धपाटा घातला असता, मग तू सिंगापूरचा कितीही मोठा साहेब असलास तरी. अक्काने पत्र का लिहिलं, हिच्या हातातला फोन काय मोडला की काय, असं तुला वाटेल. ते शेवटी सांगते. आधी मुकाट्याने वाच. फोनवर तू 'अक्का, मीटिंग आहे' म्हणून सटकतोस. कागदाला मीटिंग नसते.

परवा व्हिडिओवर अम्माचं स्वयंपाकघर बघून तू बायकोला, मलरला हाक मारलीस, 'अगं बघ, पोंगलला केलं तसंच्या तसं आहे, शोरूमसारखं!' म्हणून. अम्माही हसली. अरे शहाण्या, ते तसंच्या तसं आहे कारण तिथे कुणी स्वयंपाकच करत नाही! तुझ्या काचेच्या शेगडीवर तू गेल्यापासून एक भांडं टेकलेलं नाही. ओव्हनमध्ये लसणाची टोपली आहे. भांडी धुवायच्या यंत्रात जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवलीत. मागच्या आठवड्यात मी न कळवता तिरुप्पूरहून बस पकडून आले, तर घरात कुणी नाही. परसात गेले. अम्मा तीन विटा मांडून, नारळाच्या झावळ्या पेटवून रसम करत होती. सत्तरीला टेकलेली बाई, धुरात, आणि उजव्या तळव्याला फडकं गुंडाळलेलं.

मी आधी तिच्यावरच ओरडले. म्हटलं, मुलगा जिवाचं रान करून एवढं घेऊन देतो आणि तू परसात चूल मांडून बसतेस, लोक काय म्हणतील? तर म्हणाली, 'त्या काचेवरच्या रसमला चव लागत नाही गं.' आणि मला ते खरं वाटलं. चवीबद्दल अम्मा बोलली की आपण दोघं मान डोलावतो, लहानपणापासूनची सवय. हाताला काय झालं विचारलं तर म्हणाली, वाफ लागली.

आता तुला त्या दुकानाची आठवण करून देते. तू विसरला असशील, मी विसरणार नाही. क्रॉसकट रोडवरचं ते थंडगार दुकान. पोंगलच्या आधी तू आलास, स्वयंपाकघराच्या काळ्या भिंती बघून नाक मुरडलंस आणि म्हणालास, 'उद्या सगळं नवं घेऊन टाकू.' घेऊन टाकू! जिच्या हाताखाली रोज ते चालणार आहे त्या बाईला विचारलंस का? ती बिचारी दुकानात एकेका शेगडीजवळ जायची, वाकायची आणि बोटं फिरवायची. कडेने, खालून, पुढून. 'याला फिरवायची बटणं नाहीत का रे?' असं तिने किती वेळा विचारलं. तो टाय घातलेला पोरगा हसला, 'पाटी, आता बटणं कुठे राहिली, नुसतं बोट टेकवायचं.' त्याने आजी म्हटलं म्हणून तू त्याच्यावर डाफरलास आणि मग स्वतः काय म्हणालास? 'अम्मा, शोरूम आहे हे. सगळ्याला हात लावत सुटू नकोस, डाग पडतात.' चार माणसांत. तिने हात असा मागे घेतला की जणू चटका बसला. पदरात गुंडाळून उभी राहिली ती मग दुकानातून बाहेर पडेपर्यंत.

एकच हट्ट तिने धरला होता, आठवतंय? शेगडी पांढरी घे. काळी नको, पांढरीच. 'काळं भांडं पांढऱ्यावर उठून दिसतं रे.' तू म्हणालास, पांढऱ्यावर सांबाराचे डाग दिसतात. ती म्हणाली, दिसू देत, मी पुसेन. आपली अम्मा, जिने उभ्या आयुष्यात स्वतःच्या साडीचा रंग सांगितला नाही, ती शेगडीच्या रंगासाठी गयावया करत होती, आणि आपल्याला त्यात म्हातारपणीची हौस दिसली. पांढरी शिल्लक नव्हती. मागवायला वेळ लागणार होता आणि तुझं विमान ठरलेलं. बिल करताना तू तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, 'हो गं बाई, तुझ्या आवडीचीच घेतली.' किती सहज म्हणालास! मला वाटलं, घरी आल्यावर ती आदळआपट करेल, तोंड फुगवून बसेल. काहीच बोलली नाही. मला वाटलं, मोठ्या मनाने सोडून दिलं.

आणि ग्राइंडर! त्याचं तर नावच काढू नये, इतका राग येतो. जुनं द्या आणि नवं घ्या, अशी योजना होती म्हणून तू अप्पांचा दगडी ग्राइंडर उचलून देऊन टाकलास. कोइंबतूरच्या माणसाने, तेही टाकी लावणाऱ्याच्या पोराने! अप्पा दुसऱ्यांच्या कारखान्यात जन्मभर दगडांना टाकी लावत बसले, आणि एवढा एकच दगड त्यांनी स्वतःच्या घरासाठी निवडून आणला होता. त्याच्यावर वाटलेल्या पिठाच्या इडल्या खाऊन तू इंजिनियर झालास. मी म्हटलं होतं, राहू दे परसात. तर तू म्हणालास, 'अक्का, भावनेच्या भरात घरात भंगार साठवायचं नसतं.' भंगार म्हणे. नवा आणलास तो दिसायला बाहुलीसारखा आहे, वेळ लावली की आपोआप बंद होतो. पण अम्मा वेळेवर कधी वाटत होती रे? ती आवाजावर वाटायची. उडीद आधी थपाथप आपटायचे, मग हळूहळू आवाज मऊ व्हायचा, आणि ती दुसऱ्या खोलीतून म्हणायची, 'झालं, बंद कर.' तुझी नवी यंत्रं सगळी एकाच सुरात टीं टीं करतात. शेगडी तीच बोंब मारते, ओव्हन तीच, कपड्यांचं यंत्रही तीच. कोण बोलावतंय ते कळायला मार्ग नाही. शेजारची रत्तिनम सांगत होती, तू गेल्यावर पहिल्या आठवड्यात काहीतरी टीं टीं करायला लागलं आणि अम्मा घरभर एकेका यंत्रापाशी जाऊन 'तू का? तू का?' करत होती. रत्तिनमला हसू आलं म्हणे. मलाही आलं, तिने सांगितलं तेव्हा.

मग मागच्या आठवड्यात, त्या परसातल्या रसमच्या दिवशी, तिला मदत म्हणून मी फळी आवरायला घेतली. मिठाची बरणी पुसली आणि रिकाम्या जागी, जराशी उजवीकडे ठेवली. अम्मा रसमचं पातेलं घेऊन आत आली आणि फळीवर नेहमीच्या जागी हात फिरवायला लागली. फिरवतेय, फिरवतेय. बरणी तिच्या नाकासमोर होती, वीतभर अंतरावर. मी बघत राहिले. मग ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, 'पूंगोदै, तू मीठ हलवलंस का?'

तिला दिसत नाही, कदिर.

उजेड आणि सावली कळते. माणूस समोर आलं की आकार कळतो, चेहरा नाही. मी तिला ओढत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. नसा सुकत गेल्यात म्हणे. गेलं ते परत येणार नाही, राहिलंय ते थेंबांनी टिकवायचं. डॉक्टर मलाच रागावले, की इतके दिवस घरातलं कुणी बरोबर कसं आलं नाही. अम्मा त्यांच्याकडे रत्तिनमला घेऊन मागच्या दिवाळीच्या आधीपासून जात होती. रत्तिनमला शपथ घातली होती. आता मलाही घातली, तुझी. तुझी म्हणजे तुझ्या डोक्याची, तिच्या लाडक्याच्या. ती मी आज मोडतेय, आणि काही पाप लागायचं असेल तर ते तूच वाटून घे.

ती जुन्या स्वयंपाकघरात कशी चालवत होती हे आता कळतं. बटण किती फिरवलं की आच किती, हे मनगटाला पाठ होतं. मीठ कुठे, चिंच कुठे, हिंग कुठे, सगळं हाताला ठाऊक होतं. ग्राइंडर कानाला. काळ्या भिंतींचं तिला काय होतं? त्या तिला दिसतच नव्हत्या! त्या तुला दिसत होत्या. तू ते सगळं उपटून तिथे गुळगुळीत काच बसवलीस, जिच्यावर बोटाला काही म्हणजे काही लागत नाही. पेटली की नाही बघायला ती तळवा टेकवून बघत होती. हाताला वाफ लागली नव्हती.

आणि तो पोंगलचा दिवस. मला तो आठवला की झोप उडते. नव्या शेगडीवर आधी दूध उतू जाऊ द्यायचं म्हणून आपण सगळे जमलो. तुझी पोरं 'पोंगलो पोंगल' ओरडायला तयार. दूध वर आलं, काचेवर सांडलं आणि ती नालायक शेगडी टीं करून बंद पडली. आपल्याकडे दूध उतू गेलं की वर्ष चांगलं जातं, आणि तू अशी शेगडी आणलीस की जिला दूध उतू गेलेलं खपत नाही! तू फडकं घेऊन धावलास, 'काच खराब होईल, काच खराब होईल' करत. त्या गोंधळात अम्माने विचारलं होतं, 'उतू गेलं का रे?' शेगडीच्या पुढ्यात उभी होती ती. हात जोडून. समोर दूध वाहत होतं आणि ती विचारत होती, उतू गेलं का. तू म्हणालास, 'गेलं गेलं, आता बाजूला हो.' तिला बाजूला सारलंस. तिने दारात काढलेला रांगोळीचा कोलम वाकडा आला म्हणून सकाळी तूच खो खो हसला होतास, 'अम्मा, काय घेतलंस काय?' म्हणून. ती पण हसली होती तुझ्याबरोबर.

मलाही तेव्हा कळलं नाही, हे तू म्हणशील. म्हण. पण मी तिला 'हात लावू नकोस' म्हटलं नव्हतं.

ती का लपवते, ते विचार. मी विचारलं. म्हणाली, 'आंधळ्या बाईच्या हातात आग कोण ठेवेल? कदिरला कळलं की उद्या स्वयंपाकीण आणून बसवेल, नाहीतर मला उचलून सिंगापूरला नेईल. तिथे मी खिडकीशी बसून काय करू? इथे मला माझं मीठ सापडतं.' तिला मरणाची भीती नाही, चुलीपासून उठवतील याची आहे. म्हणून ती परसात विटा मांडून बसते. तिथे आग निदान अंगाला लागते, कुठे आहे ते कळतं. पण पदर कधी पेटेल याचा नेम नाही, आणि मी तिरुप्पूरहून रोज येऊन उभी राहू शकत नाही.

तर आता ऐक. पुढच्या महिन्यात, चित्तिरैला, नव्या वर्षासाठी तुम्ही येणार आहात. फोन करून रडायचं नाही. 'अम्मा, मला का नाही सांगितलंस' हे नाटक नको. तिला काही कळलंय असं दाखवायचंच नाही. आल्यावर सांगायचं की मलरला ही काच वापरता येत नाही, तिला बटणांची शेगडी हवी. मलर शहाणी आहे, ती खोटं नीट बोलेल. मग अम्माला त्याच दुकानात घेऊन जा. तिथे तिचा हात धर आणि तिला प्रत्येक शेगडीला हात लावू दे. सगळ्यांना. डाग पडू देत. टायवाला हसला तर मग डाफर. कडक, टकटक आवाज करणारी बटणं जिला असतील ती शेगडी अम्मा निवडेल, आणि तीच तू घ्यायचीस. ग्राइंडर त्या दुकानाच्या गोदामात पडलाय, मी चौकशी केली. जुने दगड ते नव्या वर्षानंतर विकतात. मी आणू शकले असते. आणणार नाही. तू दिलास, तू आण, आणि रिक्षात पायाशी घेऊन बस.

आता पत्र का, ते. फोनवर बोलले असते तर तिने ऐकलं असतं, तिचे कान तुला माहीत आहेत. कागद तिला दिसत नाही. आत्ता ती माझ्या समोर बसून सांबारासाठी छोटे कांदे सोलतेय, एकाही कांद्याला जखम न करता, आणि तिला वाटतंय मी तिचंच पत्र लिहितेय. जेवणानंतर तीच म्हणाली होती, 'कदिरला दोन ओळी लिही, फोनवर तो घाईत असतो. माझ्या स्वयंपाकघराचं कौतुक लिही, त्याला बरं वाटेल.' मघापासून तीनदा विचारून झालं, एवढं काय लिहितेस? मी सांगितलं, तुझ्या स्वयंपाकघराबद्दलच लिहितेय. तर म्हणाली, 'मग माझं एक वाक्य माझ्याच शब्दांत घाल. माझ्या हट्टापायी त्याने पांढरी शेगडी घेतली, सकाळच्या उन्हात ती इतकी सुंदर दिसते, की डोळे निवतात.'

घातलं तिचं वाक्य. शेगडी काळी आहे, कदिर.

तुझीच,
पूंगोदै अक्का