भूकंपरोधक पवनचक्की

सोमवार, १ डिसेंबर २००३, लातूर
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
मुख्याध्यापिका विनीता मॅडमनी आज स्पष्टच सांगितलं. वीस तारखेला नांदेडच्या पवनचक्की स्पर्धेत आपल्या पोरांच्या चक्कीवर दिवा लागला, तर शाळा सुटल्यानंतरचा माझा कार्यशाळेचा तास चालू. नाही लागला तर तास बंद, आणि त्या खोलीत दहावीच्या सराव परीक्षा. मी म्हणालो, मॅडम, निश्चिंत राहा, मी आहे ना. त्या म्हणाल्या, त्याचीच काळजी आहे. थट्टा करतात कधीकधी.

बुधवार, ३ डिसेंबर
पवनचक्कीसुद्धा लातूर पॅटर्ननेच करायची. पवनचक्कीवर दोनशे ऑब्जेक्टिव्ह प्रश्न काढले. टीममध्ये नववीची पाच पोरं. यज्ञेशला १९६ मार्क! (त्याला पाना कसा धरायचा ते माहीत नाही. शिकेल.) मृण्मयीला ११२. पेपर चालू असताना बेंचखाली पुठ्ठ्याची पाती कापत होती. जप्त केली. खिडकीत ठेवली तर भिरभिर फिरायला लागली. खिडकी लावून घेतली.

सोमवार, ८ डिसेंबर
डिझाइन माझं. त्र्याण्णवच्या भूकंपात मी निलंग्याला होतो. तेव्हापासून हलणारी वस्तू मला बघवत नाही. घरी कपाट, टीव्ही, देव्हारा, सगळं भिंतीला बोल्टनं आवळून ठेवलंय. सिंधु म्हणते, कपाटामागं पडलेला माझा कंगवा दहा वर्षांपासून तिथंच हाय. असू दे. बायको तर जिवंत आहे.
तर, आपली पवनचक्की भूकंपरोधक. पात्यांना लोखंडी पट्ट्या. प्रत्येक जोडाला दोन-दोन नट. खाली सिमेंटचा चौथरा, आत सळई.

शुक्रवार, १२ डिसेंबर
टीममधला व्यंकट म्हणाला, सर, लई जड हाय हो, फिरंना. मृण्मयी म्हणाली, पट्ट्या काढू का? मी विचारलं, पातं तुटून परीक्षकांच्या डोक्यात बसलं तर? तिनं पाना खाली ठेवला. पटलं असणार.
उद्यापासून पहाटे उठून चालायला जाणार.

शनिवार, १३ डिसेंबर
थंडी फार.

बुधवार, १७ डिसेंबर
चाचणी. कूलर फुल करून समोर ठेवला. पाती फिरली नाहीत. कूलरचा वारा तो. नांदेडला गोदावरीकाठचं वारं वेगळंच. बोटानं ढकलल्यावर अर्धा फेरा झाला. म्हणजे पन्नास टक्के. पास व्हायला पस्तीस लागतात.

शनिवार, २० डिसेंबर, नांदेड
चौथरा एसटीत चढवायला चौघं लागले. कंडक्टर म्हणाला, मास्तर, कुणाचं स्मारक बसवून राहिले?
स्पर्धा हॉलमध्ये! गोदावरीचं वारं नाहीच, समोर मोठा पंखा. किनवटच्या आश्रमशाळेच्या पोरींची चक्की गरगर फिरली. आमची ढिम्म. परीक्षकबाई चौथऱ्यावर टेकून आमच्या शाळेचं नाव लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, अर्धा तास देते, दुरुस्त करा.
तास गेला, आता उभा जन्म सराव परीक्षेवर पहारा. शांतपणे विचार करायला बाहेर गेलो. दोन चहा, एक प्लेट भजी.
परत येतो तर काय, दिवा लागलेला! पोरं नाचून राहिली होती. मृण्मयीनं माझी पाती काढून टाकली, किनवटच्या पोरींकडून उरलेला प्लॅस्टिकचा पाईप मागून घेतला, चिरून त्याची पाती केली. मला विचारलंसुद्धा नाही.
तरी चौथरा माझाच होता. येताना एसटीत भाषणाचे मुद्दे काढले.

सोमवार, २२ डिसेंबर
विनीता मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, अभिनंदन, तास चालू राहील. मी भाषण सुरू करणार, तोच म्हणाल्या, पोरं मृण्मयीच्या हाताखाली चांगली करून राहिलीत, तुम्ही त्या वेळात दहावीच्या सराव परीक्षेवर बसा. मी म्हणालो, विचार करून सांगतो. त्या म्हणाल्या, विचारलं नाही, सांगितलं.
लई वाईट वाटलं. स्टाफरूममध्ये नुसता बसून राहिलो.

सायंकाळी ५.४०
परीक्षा सुटल्यावर कार्यशाळेवरून सहज गेलो. तीनदा. चौथ्यांदा मृण्मयी दारात आली. म्हणाली, सर, पाईप कापायचाय, एक माणूस कमी पडतंय, धरता का?
धरला.