घाटावरचा बाक सिनेमात नाही

सान बेनिग्नो,
मंगळवार, १९ मार्च

प्रिय यादिरा,

रविवारी फोनवर तू विचारलंस, "मावशी, सिनेमा कसा झाला?" आणि मी म्हणाले, "छान झाला गं, पण आवाज तुटतोय, ठेवते." आवाज अजिबात तुटत नव्हता. तुझ्या मागे कोणीतरी भांडी घासत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं. पण काय सांगावं हेच मला कळेना. अजूनही धड कळत नाहीये. म्हणून पत्र लिहायला बसले. शिलाई मशीनवर झाकण घातलंय, दार लोटून घेतलंय, आणि ओमाइरा हाका मारून परत गेली तरी ओ दिली नाही.

आधी सिनेमाचंच सांगते. चौदा महिने सगळं गाव वाट बघत होतं. तो सिमोन, राजधानीहून आलेला दिग्दर्शक, शब्द देऊन गेला होता की पहिला खेळ इथेच करणार. त्याने शब्द पाळला म्हणायचा. स्वतः आला नाही, पण मशीन आणि दोन माणसं पाठवली. चर्चच्या सभागृहात दुपारी चारचा खेळ. खिडक्यांना घोंगड्या टांगलेल्या, आत दोनशे माणसं, पंखे तीन. एवेलिओ न्हाव्याने लग्नातला कोट घातला होता. तो शूटिंगच्या वेळी अख्खा दिवस कॅमेऱ्यासमोर एकाच माणसाची दाढी करत बसला होता ना, त्याच्या मते सिनेमाचा खरा नायक तोच. ओमाइराने घरून खुर्ची आणली, तीही पहिल्या रांगेत ठेवली, आणि मागचे ओरडायला लागले तेव्हा म्हणाली, "माझी शेळी आहे सिनेमात. तुमचं कोण आहे?"

आणि मग सिनेमा सुरू झाला. यादिरा, एक माणूस आपल्या भावाला शोधत गावात येतो. नदीकडे बघतो. मग बाजारात जातो आणि बाजाराकडे बघतो. कोणी काही बोलत नाही. आपला निळा बाजार त्यांनी राखाडी करून टाकलाय. ऊन तर दिसतच नाही, सगळीकडे धुकं. इथे कोणी धुकं बघितलंय का कधी? एवेलिओचा फक्त हात दिसतो, वस्तऱ्यासकट. कोपरापर्यंत. महापौरांचं भाषण घेतलं होतं, ते नाहीच. ओमाइराची शेळी मात्र तीनदा येते, आणि एकदा तर इतका वेळ उभी राहते की लोक शिट्ट्या मारायला लागले. शेवटी तो माणूस होडीत बसतो आणि जातो. दिवे लागले तरी कोणी उठेना. सगळ्यांना वाटलं, मशीन बंद पडलं.

"भाऊ सापडला का?" एवेलिओने विचारलं.

"नाही सापडला," मशीनवाला म्हणाला.

"मग हा गेला कुठे?"

"ते प्रेक्षकांनी ठरवायचं असतं, काका."

"अरे, मी ठरवायचं होतं तर तुम्ही दोन महिने इथे काय करत होतात?"

सगळे हसले. मीही हसले. मग घरी निघाले. ओमाइरा बरोबर चालत होती, तिची आपली शेळीची टकळी चालू. मी एकदम तिला म्हटलं, "आमचा बाक नव्हता." ती थांबली. म्हणाली, "कसला बाक?" मी म्हटलं, "घाटावरचा. मी आणि नुबिया." तिने डोक्याला हात लावला. "अगं बाई, खरंच की. मी शेळीच बघत राहिले." मग लगेच सावरून म्हणाली, "पण नुबिया होती ना बाजारात! पिवळ्या घागऱ्यात. पाठमोरी होती, पण तीच." मला तर तुझी आई कुठेच दिसली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या खेळाला पुन्हा गेले. बाजारात पिवळा घागरा होता खरा. मला वाटलं, हीच. मला रडू आलं, आणि गंमत म्हणजे सिनेमा आदल्या दिवशीइतकाच वाईट होता. तिसऱ्या दिवशी परत गेले. तेव्हा वाटलं, छे, ही नाही, हिचे खांदे केवढे पडलेले. ते पिवळे घागरे मीच शिवले होते, सिनेमातल्या तीन बायकांसाठी तीन. माझ्याच हातची शिवण, आणि आत कोण आहे ते मला सांगता येईना.

तू तिकडे संत्र्यांच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंयस की माझी आई सिनेमात आहे. मला माहीत आहे. म्हणूनच रविवारी बोलवेना.

फादरांनी मला राजधानीतल्या वर्तमानपत्राचं कात्रण दाखवलं. त्यात सिनेमाची फार स्तुती आहे. लिहिलंय की हा मौनाविषयीचा सिनेमा आहे, असा सिनेमा क्वचित होतो. मी दोनदा वाचलं. असेलही, आम्हाला काय कळतं? पण मग मला त्या सिमोनचा राग आला. मौनच पाहिजे होतं तर आमचा बाक का कापलास रे बाबा? आमच्याकडे सहा वर्षांचं होतं.

हे वाचून तू दचकली असशील. दचक. आता सांगायलाच हवं.

तू गेलीस त्या दिवसापासून तुझी आई माझ्याशी बोलली नाही. तुझा पासपोर्टचा अर्ज माझ्या शिवणाच्या टेबलावर भरला, फोटो काढायला मी तुला होडीने पलीकडे नेलं, आणि तिला सांगितलं की आपण कापड आणायला चाललोय. तुला आठवत असेल. तुला वाटलं, मावशी आईला नंतर समजावेल. मलाही तसंच वाटलं होतं. तू विमानात बसलीस आणि ती माझ्या दारात आली. आतही आली नाही. म्हणाली, "तुला स्वतःचं पोर नाही, म्हणून तू माझं घालवलंस." मी म्हटलं, "पोरीचं भलं होईल." ती म्हणाली, "भलं तिचं होईल. माझं काय?" आणि गेली. त्यानंतर दर रविवारी तू फोन करायचीस, तिला तिच्या घरी, मला माझ्या घरी. "मावशी कशी आहे?" विचारलंस की ती म्हणायची, बरी आहे. "आई कशी आहे?" विचारलंस की मी म्हणायचे, ठणठणीत. खोटं नव्हतं ते. रस्त्यात समोरून यायचीच ना. तिच्या टोपलीत किती मासे आहेत ते मी बघायचे आणि तीही माझ्या चपला बघायची. एवढंच. सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त तुला कोणी सांगितलं नाही. तेवढं एक आम्ही दोघींनी न बोलता ठरवलं होतं.

मग सिनेमावाले आले. त्या सिमोनला घाटावर बसायला दोन वयस्क बायका हव्या होत्या, एकमेकींसारख्या दिसणाऱ्या. कोणीतरी आमची नावं दिली. गंमत म्हणून दिली की मुद्दाम, देव जाणे. मला वाटलं, ती येणार नाही म्हणून मी हो म्हटलं. नंतर कळलं, तिनेही असाच विचार करून हो म्हटलं होतं. म्हणजे असं ओमाइरा सांगते, आणि ओमाइराचं किती खरं मानायचं ते तुला माहीतच आहे.

सकाळी दहाला आम्हाला बाकावर बसवलं. मध्ये हातभर जागा. सिमोन म्हणाला, "मावशी, काही करायचं नाही. बोलायचं नाही. होडीची वाट बघताय. नदीकडे बघा, बस." मी मनात म्हटलं, हे तर आम्हाला पाठच आहे. कॅमेरा सुरू झाला. मी नदीकडे बघत होते. बाकाच्या माझ्या बाजूला ऊन आलं होतं, तिच्याकडे झाडाची सावली. डोळ्यांत पाणी यायला लागलं, उन्हाने. आणि तेवढ्यात तिचा आवाज आला. सहा वर्षांनी. हळू, पण स्वच्छ.

"एदिल्मा, ऊन लागतंय तुला. इकडे सरक."

यादिरा, मी सरकले नाही.

मला वाटलं, हे सिनेमातलं आहे. मला वाटलं, सिमोनने तिला गुपचूप शिकवलं असेल, मला दचकवायला. नंतर वाटलं, सिनेमातलं असतं तर माझं खरं नाव कशाला घेतलं असतं? पण हे सगळं नंतर. त्या क्षणी मला सांगितलं होतं नदीकडे बघ, तर मी नदीकडे बघत राहिले, शहाण्या पोरीसारखी. मान वळवली नाही. तिचा चेहरा बघितला नाही. मग सिमोन ओरडला, "कट! वा, काय सुंदर झालं हे!" सगळे टाळ्या वाजवायला लागले, आणि मी वळून बघते तोवर ती उठून कपडे बदलायच्या तंबूकडे निघाली होती. मी तिच्या मागे गेले नाही. म्हटलं, आता होईलच सुरुवात. उद्या जाऊ. उद्या म्हटलं की तिचा मासे विकायचा वार, परवा म्हटलं की मला शिवणाची घाई. मग म्हटलं, सिनेमा आला की बघू, चेहरा दिसेल, तेव्हा कळेल तिने मनापासून म्हटलं की कॅमेऱ्यासाठी, मग जाऊ. जूनमध्ये ती स्वयंपाकघरात पडली. चुलीवर युकाचे कंद उकळत होते, ते शेजारणीने उतरवले. तुला कागदपत्रांमुळे येता आलं नाही, त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही, आताही म्हणत नाही. तिला शेवटचे कपडे मी घातले. तू फोनवर म्हणालीस, "मावशी, तू होतीस म्हणून बरं."

तेव्हापासून मी सिनेमाची वाट बघत होते. बाकीचे स्वतःला बघायला गेले होते. मला स्वतःचं काही नको होतं. मला फक्त तिची मान कुठे वळली ते बघायचं होतं. म्हणून सिनेमा वाईट आहे की चांगला आहे, हे मला खरंच सांगता येत नाही. भाऊ सापडत नाही याचाही मला राग येतो आणि शेळीचाही येतो.

तिसऱ्या खेळानंतर मी मशीनवाल्याला गाठलं. तो परतायच्या तयारीत होता. मी विचारलं, कापलेलं सगळं फेकून देता का? त्याने सिमोनला फोन लावून दिला. सिमोन म्हणाला, "मावशी, तो बाक कापताना मला फार वाईट वाटलं होतं. फार सुंदर होता, पण सिनेमात बसेना." मी म्हटलं, "सुंदर राहू दे. आहे का तो तुझ्याकडे?" त्याने तिकडून तो तुकडा पाठवला, आणि मशीनवाल्याने एका बोटभर पेनड्राइव्हमध्ये घालून दिला. चाळीस सेकंदं आहेत म्हणाला. फादरांकडे कॉम्प्युटर आहे. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलंसुद्धा, "काय एदिल्मा, कबुलीजबाब द्यायचाय का?" मी म्हटलं, "नाही फादर, सहज आले." चौदा महिने मी तो तुकडा मनात बघतेय. कधी ती माझ्याकडे बघते, कधी नाही, आणि एकदा तर तिने हात पुढे केला. आता त्या चाळीस सेकंदांत यातलं काहीच नसलं तर? आणि असलं तर? मला यातली कुठली भीती जास्त वाटते, तेच समजत नाही.

तर पेनड्राइव्ह याच पाकिटात आहे, रुमालात गुंडाळून. मी तो बघितलेला नाही. तुझी आई आहे, पहिला हक्क तुझा. एकटी असताना बघ, कारखान्यातल्या बायकांना नंतर दाखव. ती सरकायला सांगते तेव्हा तिचे डोळे कुठे आहेत, माझ्याकडे की कॅमेऱ्याकडे, एवढंच मला कळव. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस. पासपोर्टचं सगळं आता तुला कळलंय, त्यामुळे माझ्यावर रागव हवं तर, पण रागावूनही हे मात्र खरं लिही. फोनवर सांगू नकोस. फोनवर मी पुन्हा म्हणेन की आवाज तुटतोय.

तुझीच, तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
एदिल्मामावशी