हाक मारेपर्यंत

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! जीपने हाडं खिळखिळी केली आणि चालकाने कान. वाटभर त्याने मला त्याच्या सासुरवाडीचा सगळा इतिहास ऐकवला. वळण आलं की स्टिअरिंगवरचा एक हात सोडून मागे माझ्याकडे बघून बोलायचा. मी देवाचं नाव घेत बसले होते. पण पाणी दिसलं आणि राग विरघळला. केवढं ते पाणी! डोंगरांच्या मधोमध, आभाळाएवढं.

घर छान आहे. धरण बांधणाऱ्या साहेबांसाठी कधीतरी बांधलेलं. दोन खोल्या, वर पत्रा, हिरवं दार, पुढे पायऱ्या. पायऱ्यांच्या खाली कुंपण, कुंपणाला फाटक, आणि फाटकापलीकडे उतार थेट पाण्यापर्यंत. टेबलाचा खण उघडत नाही आणि खिडकी बंद होत नाही, म्हणजे हिशेब बरोबर.

काम असं: वीजघराची यंत्रं चालली की जलाशयाचं पाणी उतरतं, थांबली की चढतं. मधला जो गाळाचा पट्टा उघडा पडतो, तिथं काय उगवतं आणि कोण राहतं, ते मी वर्षअखेरपर्यंत नोंदवायचं. हे नीट पार पडलं तर शहरातल्या कचेरीत कायमची जागा मिळेल. मग ठकी आणि मी एका छपराखाली. तिचे बाबा गेल्यापासून माझी पोर माझ्या कामापायी सारखी ताईकडे असते. माझी बहीण तिचं सगळं जिवापाड करते, पण सहा वर्षांच्या मुलीला आई लागते. आणि आईलाही मुलगी लागते, हे कोणी विचारत नाही.

७ नोव्हेंबर, गुरुवार

काम झकास चाललंय. गाळात दोरीचे चौकोन आखायचे आणि आतली रोपं मोजायची. इथली रोपं बिचारी घाईत असतात. पाणी परत यायच्या आत उगवायचं, फुलायचं, बी टाकायचं. बोटभर उंची आणि संसार मात्र पुरा. पाणमांजराच्या पावलांचे ठसेही सापडले.

आज पहिल्यांदा फटाकडीला हाक घातली. हा पक्षी लव्हाळ्यात दडून राहतो, जन्मात दिसायचा नाही. म्हणून त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावायचं. आपल्या हद्दीत दुसरी कोण आली, म्हणून ती आतून ओरडते, आणि आपण नोंद करायची. आमचे सर बजावायचे, थोडंच लावा आणि बंद करा. खोट्या हाकेच्या नादी लागलेला पक्षी खाणं विसरतो, पिल्लं विसरतो. मी थोडंच लावलं. दोघी बोलल्या.

दुपारी स्वतःची फजिती करून घेतली. एका रोपाच्या मोहाने पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत गाळात. एक म्हातारा मच्छीमार होडीतून बघत होता, त्याने फळी टाकली म्हणून निघाले. बूट राहिला असता तिथेच. तो म्हणाला, अजून थोडं पुढे गेलं की तळच नाही. वर नुसती साय.

त्याची एक गंमत पाहिली. पलीकडच्या होडीतल्या भावाला बोलवायचं होतं, तर हाक मारेना. वल्ह्याने होडीच्या काठावर ठोकलं. इथले सगळे असंच करतात म्हणे. का, तर बाप ठोकायचा म्हणून. बापाला कोणी विचारलं नाही. जीपवाल्याच्या मते इथली माणसं बोलायलाही आळशी. त्याच्याशी तुलना केली तर सगळं जगच आळशी.

१० नोव्हेंबर, रविवार

घरात फोनला रेंज नाही. मागच्या पायवाटेने टेकडी चढून धरणाच्या भिंतीवर गेलं की येते. तिथंही चिटपाखरू नाही, कुलूप घातलेली एक चौकी फक्त. धापा टाकत गेले आणि ताईने पाठवलेला ठकीचा आवाज मिळाला. "आई, सगळा अभ्यास संपला. तू कधी येशील?"

फोनचा आवाज मेला आहे, कानाला लावला तरी चिरका येतो. मग घरी येऊन पायऱ्यांवर बसले, पक्ष्यांचा स्पीकर काढला आणि त्यावर लावलं. अख्ख्या पाण्यावर माझ्या लेकीचा आवाज. परत लावलं, आणखी परत लावलं. शेवटी मीच मोठ्याने ओरडले, "ठकी, ये गं, इकडे ये!" आणि आपलंच आपल्याला हसू आलं. एकटा जीव सदाशिव म्हणतात ते बाप्यांना परवडतं.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

घर खायला उठतं. सकाळी कामाचं काही वाटत नाही, पण दुपारी परत आलं की एक कप, एक ताटली, एक खुर्ची. कालपासून किटलीशी बोलायला लागले आहे. सर्दीही झाली, खोकून खोकून बरगड्या दुखतात आणि पाठीवर हात फिरवायला कोणी नाही. म्हणून रोज चहाच्या वेळी पायऱ्यांवर बसते, ठकीला लावते, आणि "ठकी, ये गं, इकडे ये" अशी ओ देते. कोणाचं काय जातं?

आज तिचं बोलणं संपलं, मी आत जाऊन चहा टाकला, साखर शोधली. आणि लव्हाळ्यातून आवाज आला: सगळा अभ्यास संपला.

प्रतिध्वनी. समोर डोंगर आहे, येणारच. पण प्रतिध्वनी काय साखर सापडेपर्यंत थांबतो?

१७ नोव्हेंबर, रविवार

आज भिंतीवर दोन आनंद मिळाले. एक म्हणजे ठकीचे पुढचे दोन्ही दात पडले! नवा निरोप असा: "आई, दात पडले. आता मला थगळे हथतात." स म्हणायला जाते आणि थ निघतो. मी त्या भिंतीवर एकटी खदाखदा हसले आणि मग थोडी रडले. दुसरा आनंद म्हणजे ताई तिला घेऊन पुढच्या रविवारी येतेय. जीपवालाच आणेल.

तो आज शिधा घेऊन आला होता. फाटकाशी नेहमीसारखा हॉर्न बडवत. त्याला त्या आवाजाबद्दल सहज विचारलं. म्हणाला, मैना असेल, मैना हुबेहूब बोलते. असेल की! मी पक्ष्यांची जाणकार आणि मला सुचू नये.

तरी स्पीकर पिशवीत घालून ठेवला. दात पडल्याचा निरोप मी फोन कानाला लावूनच ऐकते. तो स्पीकरवर लावायचा नाही. तो माझा एकटीचा.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तीन दिवसांत मी काहीही लावलेलं नाही. तरी ते बोलतं.

तू कधी येशील. तू कधी येशील. आज लव्हाळ्यातून नाही, उघड्या गाळातून. तिथं झुडूप नाही, खुंट नाही, मैना बसणार कशावर? दुर्बिणीतून पाहिलं. नुसता चकचकीत गाळ, आणि आवाज मात्र एका जागचा दुसऱ्या जागी जातोय. फटाकड्या एकजात गप्प झाल्या आहेत. टिटव्यासुद्धा उठून गेल्या.

आणि हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. दुपारी भानावर आले तेव्हा मी फाटकाबाहेर होते, पोटरीपर्यंत गाळात. बूट घातल्याचं आठवत नाही. ती माझी ठकी नाही हे मला कळतं. माझ्या पायांना कळत नाही.

परत फिरले तेव्हा मागे कोणीतरी खोकलं. माझ्यासारखंच.

२० नोव्हेंबर, बुधवार

ताईला सांगायचं ठरवून भिंतीवर गेले, की आणू नकोस तिला. फोन ठकीनेच उचलला. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे म्हणे. बाहुलीला न्यायचं की नाही यावर मावशीशी भांडण चाललंय. नाही म्हणवलं नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, तेव्हा आपणच घाबरून पोरीचं मन कशाला मोडा, असं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं आहे. मला तिला बघायचंय. बाकी सगळी कारणं मागाहून सुचलेली.

मात्र बेत पक्का केला. जीप फाटकाशी आली की हॉर्न द्यायचा. मी सामान घेऊन निघणार, सरळ गाडीत बसणार आणि तिघी परत. गेली ती जागा चुलीत. रस्ता पाण्याच्या कडेनेच येतो, म्हणून मी घरातच थांबणार. ठकीला दम भरला: "मी स्वतः हाक मारेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही. मावशी म्हणाली तरी नाही." तिच्याकडून वदवून घेतलं.

"तू हाक मारेपर्यंत उतरायचं नाही. थमजलं."

शहाणी माझी बाय. आता जिवात जीव आला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी हॉर्न वाजला. लवकर आले की काय म्हणून पिशवी घेऊन पळत फाटकाशी गेले. जीप नाही. रस्त्यावर चाकाची खूणही नाही.

परत वाजला. गाळातून.

भिंतीवर जायला निघाले होते. पायवाटेवर धुकं इतकं की हात दिसेना. परत फिरले.

२३ नोव्हेंबर, शनिवार

यंत्रं थांबतच नाहीत. पाणी पार आत गेलं. फाटकापासून पुढे आता नुसता गाळ.

कानात कापूस घातला. उपयोग नाही. आता म्हणतं, आई ये. ये. हे कुठल्याच निरोपात नव्हतं. तुकडे जोडतंय — येशीलमधला ये — ठकीच्याच आवाजात. सफाईने. एक एक शब्द स्वच्छ.

टेबलाशी बसून लिहीत राहिलं की पाय जागेवर राहतात. म्हणून लिहिते. उद्या या वेळी आम्ही गाडीत असू. जीपवाला सासुरवाडीबद्दल बोलत असेल. बोलू दे.

२४ नोव्हेंबर, रविवार

धुकं. खिडकीतून फाटक दिसत नाही.

पिशवी मांडीवर. बूट घातलेले.

सकाळपासून ते गप्प आहे. एकदम गप्प. बरं वाटायला हवं — वाटत नाही. मीसुद्धा फटाकडीला हाक घातली की अशीच गप्प बसते. वाट बघत.

हॉर्न.

की तेच? परवा फसले. आज नाही फसणार. इंजिनचा आवाज येतोय का — पत्र्यावरून पाणी ठिबकतंय, कळत नाही —

परत हॉर्न. त्यांचीच वेळ आहे ही. पण परवाही असाच —

कोणीतरी हाक मारतंय.

"ठकी, ये गं, इकडे ये."

बाईचा आवाज. ताई? नाही. ताईचा असा नाही, हा घोगरा — सर्दी झालेला —

माझा. तो माझा आवाज आहे. मी इथं बसले आहे, तोंड मिटून, आणि बाहेर मी हाक मारतेय.

हाक मारेपर्यंत उतरायचं नाही. मीच सांगितलं. मीच तिला —

गाडीचं दार वाजलं. ताई ओरडतेय कुठेतरी, लांब —

"आले आई!"

तेच असेल. तेच आहे. हा आवाज त्याच्याकडे आहेच, मीच दिला, उठायचं नाही, लिहायचं, लिहीत राहायचं —

"आई, तू कुठं आहेथ? इथं थगळं मऊ आहे."

थगळं —

हे मी त्याला कधीच ऐकवलं ना