छबूबाईची बादली

श्रीगोंदा, १० जुलै २०२५

तीर्थरूप आण्णांस,
मनकर्णाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आई नुसतं व्हय-व्हय म्हणते, म्हणून सुनीलदादाच्या टेम्पोबरोबर पत्र धाडते. नगरचं गवंडीकामाचं प्रशिक्षण संपलं. आता दीड महिना इथे माळावर शाळेच्या बांधकामावर आहे. मुकादमांचा शेरा चांगला पडला तर गवंडी म्हणून कायम, नाहीतर पुन्हा डोक्यावर घमेलं.

बाईच्या हातात थापी शोभत नाही, असं तुम्ही मला म्हणाला होतात. तो राग गिळून लिहिते, कारण घोटाळा झालाय. वरच्या मजल्याची एक भिंत माझ्या एकटीवर सोपवली होती. वारा असा की ओळंब्याची वजन लावलेली दोरी क्षणभर स्थिर राहीना. शेवटी मी अदमासानं विटा लावत गेले. भिंत कंबरेएवढी झाली तेव्हा कळलं, दोन बोटं बाहेर झुकलीय. काकासाहेब मुकादम म्हणाले, बाई, तुम्ही आपलं घमेलंच उचला. हातापाया पडून सोमवारपर्यंत मुदत मागितलीय. काय करू?

माझ्या लेकीला, दिशाला सांभाळता आहात, तिला माझा पापा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
आपली मनकर्णा

पुणतांबा, १२ जुलै

चि. मनकर्णा हीस अनेक आशीर्वाद.

आधी रागावतो. गवंड्यानं अदमास करायचा नसतो. कुणी सांगायच्या आत ती भिंत स्वतःच्या हातानं उतरव. मग ओळंब्याखाली पाण्यानं भरलेली बादली ठेव. वजन पाण्यात बुडू दे, तळाला टेकू देऊ नकोस. कितीही वारा असो, दोरी गप उभी राहील.

या युक्तीवर मी तालुक्यात वस्ताद म्हणून मिरवलो. पण ती माझी नव्हे. तू पोटात होतीस, पाण्याच्या टाकीचं काम चाललं होतं आणि असाच वारा सुटला होता. तुझ्या आईनं डोक्यावरचं घमेलं उतरवून बादली पुढं सरकवली. मी तिच्यावर खेकसलो, मग मुकाट्यानं करून पाहिलं. मुकादमानं माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. तुझी आई, छबूबाई, शेजारीच उभी होती. तिनं घमेलं पुन्हा डोक्यावर घेतलं. इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नाही. तुझं पत्र वाचून लाज वाटली.

दिशा मजेत आहे. या म्हाताऱ्यावर राग असला तरी चालेल, पण लोभही असू दे.
तुझा आण्णा

श्रीगोंदा, १८ जुलै

तीर्थरूप आण्णा व आईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंत उभी राहिली! काकासाहेबांनी तीनदा तपासली, केसाचाही फरक निघाला नाही. मी कायम झाले. युक्ती कुणाची, असं त्यांनी विचारलं. आण्णा, वाईट वाटून घेऊ नका, मी तुमचं नाव घेतलं नाही. आता वारा सुटला की इथले जुने गवंडीसुद्धा हाळी देतात, छबूबाईची बादली आणा म्हणून. आई, तुझं नाव ऐकून माझा ऊर भरून येतो.

तुम्हा दोघांची माया अशीच पाठीशी असो.
आपली मनकर्णा

पुणतांबा, २१ जुलै

चि. मनकर्णा हीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. बादलीची ओळ तुझ्या आईनं तीनदा वाचायला लावली. मग पदर खोचला, माझी थापी काढली आणि म्हणाली, मोरीची भिंत कवाची पडली हाय, उठा.

काल तिनं चार थर लावले. ओळंबा मी धरून पाहिला, भिंत सरळ आहे. पोरी, तुम्हा दोघींचा मला फार अभिमान वाटतो. घमेलं मात्र मला उचलावं लागलं. चार खेपांत मान धरली, म्हणून जरा टेकलो. तर तुझी आई दिशासमोर म्हणते कशी, चला की पटापट, गवंड्याला खोळंबून ठेवू न्हाई.

जन्मभर हे वाक्य मी तिला ऐकवलं होतं.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा आण्णा